मिग-२१ उतरवताना : ओझर, सुरतगड आणि एक खेळ

१/
डीसीएस वर्ल्ड या संगणकीय उड्डाण-खेळात मिग-२१ बिस हे लढाऊ विमान धावपट्टीवर सुखरूप उतरवण्याचे माझे पहिले नऊ प्रयत्न फसले. दिवाळीच्या सुट्टीत कन्हेरीच्या घरी बसून मी हा उद्योग करत होतो. बारामतीच्या विमानतळावरून उडालेली शिकाऊ विमाने बाहेर नेहमीप्रमाणे घिरट्या घालत होती आणि आत माझे मिग दर खेपेला धावपट्टीच्या अलीकडेच आपटत होते. विमान फुटले की एक बटण दाबायचे, की नवे कोरे विमान हजर.

नवव्या खेपेनंतर मी खेळ बंद केला आणि वाचायला बसलो. त्या वाचनातून हा थ्रेड झाला आहे. यात नाशिकजवळचा एक कारखाना आहे, पुण्यातले एक कुटुंब आहे आणि ‘वैमानिकाची चूक’ हा एक शब्दप्रयोग आहे. थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी हे विमान उतरवणे इतके अवघड का, ते पाहू. मिग-२१ चा पंख त्रिकोणी आहे आणि तो सुमारे ५७ अंशांनी मागे झुकलेला आहे. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उंचावर झेपावून शत्रूचे बॉम्बफेकी विमान गाठणे, या एकाच कामासाठी तो घडवलेला आहे. अतिवेगात असा पंख उत्तम चालतो. वेग कमी झाला की मात्र विमान हवेत तरून राहण्यासाठी नाक बरेच वर धरावे लागते. नाक वर धरले की हवेचा रोध झपाट्याने वाढतो, रोध वाढला की वेग आणखी घटतो आणि विमान दगडासारखे खाली जाऊ लागते. अशा वेळी थ्रॉटल पुढे ढकलला तरी त्या काळचे जेट इंजिन तत्काळ साथ देत नाही. पूर्ण जोर यायला काही सेकंद लागतात. जमीन तेवढा वेळ थांबत नाही.

३/
म्हणून हे विमान ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने जमिनीला टेकवावे लागते आणि मागे पॅराशूट सोडून थांबवावे लागते. आमच्या डोक्यावरून जाणारे सेसना १५२ ताशी शंभरच्या आसपास वेगाने उतरते.

बिस प्रकारात आणखी एक मेख आहे. उतरताना पंखांच्या मागच्या झडपांवरून इंजिनातली दाबाची हवा फुंकली जाते आणि त्यामुळे विमानाला जास्तीची उचल मिळते. सर्वसाधारण विमानात धावपट्टी जवळ आली की इंजिनाचा जोर कमी करायचा, ही सवय हाताला लागलेली असते. इथे तसे केले की फुंकर थांबते, उचल जाते आणि विमान खाली बसते. माझी नऊपैकी सहा विमाने याच सवयीने फुटली. उरलेली तीन कशाने फुटली, हे सांगण्यासारखे नाही.

४/
आता जरा मागे जाऊ. उड्डाणाचे सिम्युलेटर सैन्याने जन्माला घातले आणि मग त्याचे खेळ झाले, अशी आपली समजूत असते. घडले उलटे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या पियानो आणि ऑर्गनच्या कारखान्यात काम करत असे. ऑर्गन वाजतो भात्याच्या हवेवर. आपल्या पेटीचा भाता आठवा, तत्त्व तेच. लिंकने असेच भाते एका छोट्या लाकडी विमानाखाली बसवले. आतल्या माणसाने दांडा हलवला की भाते फुगत-आकसत आणि विमान डुलत, झुकत, वळत असे. हे १९२९ चे यंत्र. वैमानिक घडवण्यासाठी ते बनवले होते. पण वैमानिकी शिकवणाऱ्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याची सुरुवातीची गिऱ्हाइके करमणुकीच्या उद्यानांतली होती. जत्रेतल्या पाळण्यासारखे पैसे टाकायचे आणि ‘विमानात’ बसायचे.

५/
यंत्राचे नशीब पालटले १९३४ मध्ये. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी विमानटपालाचे खासगी कंत्राट रद्द करून ते काम लष्करी हवाई विभागाकडे दिले. ऐन हिवाळ्यात, धुक्यात, रात्री, केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याची सवय नसलेले वैमानिक टपाल घेऊन निघाले. काही आठवड्यांत दहाहून अधिक जण मेले. त्यानंतर लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली, प्रत्येकी साडेतीन हजार डॉलरना. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे बनली आणि सुमारे पाच लाख जण त्यांवर शिकले.

हा क्रम ध्यानात ठेवा. यंत्र पाच वर्षे उपलब्ध होते. माणसे मेल्यावर ते विकत घेतले गेले.

६/
संगणकाच्या पडद्यावर उड्डाण आणण्याचे श्रेय मुख्यतः ब्रूस आर्टविक यांचे. इलिनॉय विद्यापीठात १९७५ मध्ये त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. पुढे ॲपल-२ साठी त्यांचा उड्डाण-खेळ निघाला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम संगणकावर आणला. पहिल्याच आवृत्तीत साध्या रेघांच्या डोंगरांवर हवाई लढाईही होती. डीसीएसमधले मिग-२१ बिस २०१४ चे. त्यातली कळ-न्-कळ चालते. इंजिन सुरू करायलाच मला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला.

७/
खरे मिग-२१ भारतात आले त्यामागे शेजाऱ्याचे विमान होते. १९६१ पासून पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळू लागले. भारताकडे ध्वनीपेक्षा वेगवान विमान नव्हते. ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९६३ मध्ये पहिली विमाने आली आणि चंदीगडला २८ क्रमांकाचे स्क्वॉड्रन उभे राहिले. त्याचे प्रमुख दिलबाग सिंग पुढे वायुसेनाप्रमुख झाले.

करारातला कळीचा भाग विमाने भारतातच बनवण्याच्या परवान्याचा होता. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी विभागणी झाली.

८/
नाशिकला म्हणजे ओझरला. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. ओझरचा कारखाना त्यांच्याच कारकिर्दीत, १९६४ मध्ये आला. द्राक्षे आणि कांद्याच्या त्या पट्ट्यात लोकांनी या कारखान्याचे नाव थेट गावाला जोडून टाकले. आजही नाशिककर ‘ओझर मिग’ म्हणतात, जणू ते जुळे गाव आहे. सोव्हिएत विमानाचे नाव मराठी गावाच्या नावात असे मुरल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

सुरुवातीला सुटे भाग आणून जोडणी झाली. १९७० मध्ये कच्च्या मालापासून इथेच घडवलेले विमान बाहेर पडले. १९८७ पर्यंत हिंदुस्तान एरोनॉटिक्सने साडेसहाशेहून अधिक मिग-२१ बनवले. म्हणजे भारतीय वैमानिकांनी उडवलेल्या मिग-२१ पैकी बहुसंख्य विमाने नाशिक जिल्ह्यात जन्मलेली होती.

९/
या विमानाचा पराक्रम सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात राज्यपाल भवनात बैठक चालू असताना मिग-२१ नी त्यावर रॉकेटे डागली. राज्यपाल मलिक यांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांत युद्ध संपले. पश्चिम आघाडीवर ज्या स्टारफायटरच्या धास्तीने हे विमान आणले होते, त्या स्टारफायटरनाही त्याने पाडले. कारगिलला ते होते, २०१९ लाही होते. आपल्या पिढीतले विमानप्रेमी इथवर येऊन थांबतात. मला यापुढचे अधिक महत्त्वाचे वाटते.

१०/
वैमानिक घडतो तो पायरीपायरीने. ऐंशी-नव्वदच्या दशकांत भारतीय वायुसेनेतल्या शिकाऊ तरुणाची शिडी साधारण अशी होती. पहिली पायरी पंख्याचे दीपक विमान. त्याचा कमाल वेग ताशी तीनशेच्याही आत. दुसरी पायरी किरण हे जेट. शांत स्वभावाचे, सरळ पंखांचे, ध्वनीच्या बरेच आतल्या वेगाचे, सावकाश उतरणारे. आणि त्यानंतर मिग-२१.

दीपकच्या कमाल वेगापेक्षा मिगचा उतरण्याचा वेग जास्त होता. हे वाक्य मी दोनदा तपासून लिहिले आहे.

११/
किरण आणि मिग यांच्यामध्ये एक पायरी हवी, हे कुणाला कळले नव्हते असे नाही. हंटर विमाने काही काळ ते काम करत होती. ती म्हातारी झाली. १९८२ मध्ये एअर मार्शल डेनिस ला फाँटेन यांच्या अध्यक्षतेखाली अपघातांचा अभ्यास करणारी समिती नेमली गेली. तिने सांगितले की प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या. ला फाँटेन स्वतः पुढे वायुसेनाप्रमुख झाले, निवृत्त झाले. ब्रिटिश हॉक घ्यावे की फ्रेंच-जर्मन अल्फाजेट, किंमत किती, पैसे कुठून, यावर फायली फिरत राहिल्या. हॉकचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बिदरला ते विमान रीतसर सेवेत दाखल झाले फेब्रुवारी २००८ मध्ये.

१९८२ ते २००८. त्या वर्षी जन्मलेले मूल हॉक येईपर्यंत मिग उडवून स्क्वॉड्रन लीडर होण्याच्या वयाला पोचले असते.

१२/
मधल्या काळात शिडीची गाळलेली पायरी मिगकडूनच भरून काढली गेली. आसाममध्ये तेजपूरला खास प्रशिक्षण तुकडी होती. तिथे नव्या वैमानिकांना जुन्या मिग-२१ एफएलवर लढाऊ उड्डाण शिकवले जाई. वायुसेनेच्या बोलीत हे विमान टाइप ७७. ज्या विमानाची भीती घालवायची, तेच विमान शिकवण्यासाठी वापरायचे, अशी ही व्यवस्था.

दोन आसनी मिग होते. पण त्यांची गंमत पाहा. मागच्या आसनावरच्या प्रशिक्षकाला उतरताना समोरची धावपट्टी धड दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी टपावर पाणबुडीसारखा पेरिस्कोप बसवला होता. मोटार शिकवणारा माणूस आरशातून रस्ता पाहतो आहे, अशी कल्पना करा.

१३/
आता आकडे. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितले की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी (यात मिगचे सगळेच प्रकार आले) ४८२ विमानांचे अपघात झाले, आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक व इतर काही जण मृत्युमुखी पडले. म्हणजे निम्म्याहून अधिक. यांत लढाईत पडलेली विमाने नाहीत.

न्यायाने बोलायचे तर त्या पिढीची सगळीच विमाने अशी होती. पश्चिम जर्मनीने ९१६ स्टारफायटर घेतली, त्यांतली २९२ गमावली आणि ११६ वैमानिक मेले. तिथेही विमानाला ‘विधवा करणारे’ असे नाव पडले. फरक इतका की जर्मन वैमानिकांच्या विधवा एकत्र येऊन विमान बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीविरुद्ध अमेरिकेतल्या न्यायालयात गेल्या. आपल्याकडे सेवेतल्या माणसाच्या घरच्यांनी बोलायचे नाही, असा एक अलिखित संकेत आहे. तो संकेत पुण्यातल्या एका बाईंनी मोडला.

१४/
१७ सप्टेंबर २००१. राजस्थानातील सुरतगड तळ. रात्रीच्या उड्डाणात एक मिग-२१ कोसळले आणि फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मृत्युमुखी पडले. गाडगीळ कुटुंब पुण्याचे. वडील अनिल गाडगीळ यांनी स्वतः वायुसेनेत सेवा केलेली. जग त्या आठवड्यात न्यूयॉर्ककडे पाहत होते. सुरतगडची बातमी आतल्या पानावर गेली असावी.

चौकशीचा कौल वैमानिकाच्या चुकीकडे झुकला. आई कविता गाडगीळ यांनी तो स्वीकारला नाही. त्या वर्तमानपत्रांतून बोलल्या, दूरचित्रवाणीवर बोलल्या, पत्रे लिहिली. विमाने जुनी आहेत, सुटे भाग आणि देखभालीचे प्रश्न आहेत, प्रशिक्षणातली पायरी गाळलेली आहे. अशा वेळी मेलेल्या मुलावर बोट ठेवून फाइल बंद कशी करता, हा त्यांचा प्रश्न होता.

१५/
त्या काळात ‘उडती शवपेटी’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. वैमानिकांचा विश्वास डळमळू नये म्हणून २००३ मध्ये संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस स्वतः अंबाल्याहून दोन आसनी मिगमधून उडाले. त्यांच्या धैर्याविषयी शंका नाही. वय सत्तरीपार होते. पण प्रश्न विमान उडते की नाही हा नव्हताच. अनुभवी वैमानिकाच्या हाती ते झकास उडत होते. पंचविशीतला मुलगा किरणवरून थेट त्यात बसतो तेव्हा काय होते, हा प्रश्न होता. आणि मंत्र्यांच्या एका उड्डाणातून त्याचे उत्तर मिळण्याजोगे नव्हते.

२००६ चा ‘रंग दे बसंती’ तुम्ही पाहिला असेल. मिगमध्ये मेलेला वैमानिक, त्याच्यावरच टाकलेला दोष, त्याची आई. गाडगीळ प्रकरणाशी असलेले साम्य तेव्हा अनेकांनी दाखवून दिले. प्रदर्शनापूर्वी तत्कालीन संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि सेनादलांच्या प्रमुखांना तो दाखवावा लागला होता. चित्रपटातल्या पोरांनी पिस्तूल उचलले. पुण्यातल्या गाडगीळ दांपत्याने काय उचलले, ते पुढे सांगतो.

१६/
‘वैमानिकाची चूक’ या शब्दप्रयोगाकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहू. माझी नऊ विमाने फुटली ती माझ्याच चुकीने. खेळाने प्रत्येक वेळी तसे नोंदवलेही असते, आणि ते खोटे ठरले नसते. पण मी थ्रॉटल अवेळी मागे का घेतला? कारण त्याआधी मी सेसनासारखी साधी विमाने उतरवली होती आणि हातांना तेच वळण होते. चूक माझी; ती घडवणारे वळण मला ज्या क्रमाने विमाने मिळाली त्यातून आले.

अपघाताची चौकशी शेवटच्या वीस सेकंदांपासून सुरू होते आणि त्या वीस सेकंदांत विमानात एकच माणूस असतो. बोट त्याच्याकडेच जाते. इतिहासाला वीस वर्षे मागे जाण्याची मुभा आहे. तिथे समित्या दिसतात, अर्थखाते दिसते, दोन देशांच्या विक्रेत्यांच्या फेऱ्या दिसतात, आणि ‘पुढील वर्षी विचार करू’ असे शेरे मारणारे हात दिसतात. त्यांच्यापैकी कुणाच्या नावापुढे ‘चूक’ हा शब्द लागलेला माझ्या वाचनात नाही.

१७/
याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वैमानिकांकडून खरोखरच चुका होतात आणि वायुसेनेला त्या चुका म्हणून नोंदवाव्याच लागतात. नाहीतर पुढच्याला शिकवणार काय? ‘यंत्रणेचा दोष’ असे म्हणून सगळेच तिच्या पदरात टाकले तर तेही तितकेच आळशीपणाचे. माझा आक्षेप शब्द वापरण्याला नाही, त्या शब्दापाशी थांबण्याला आहे.

आणि अडचण अशी की आपल्याकडे सैनिकी चौकशीचे अहवाल सर्वसाधारणपणे जाहीर होत नाहीत. अभ्यासकाच्या हाती राहतात संसदेतली उत्तरे, वर्तमानपत्रांची कात्रणे, निवृत्तांच्या आठवणी. दस्तऐवज नसला की माणूस दुसरे काही शोधतो. मी खेळ शोधला.

१८/
खेळ हा पुरावा म्हणून कितपत चालेल? काही बाबतीत बरा चालतो. पुढच्या जाड काचेच्या आणि चौकटीच्या अडणीतून धावपट्टी किती कमी दिसते, नाक वर असताना ती कशी नाहीशी होते, इंधन किती लवकर संपते, एका हाताने किती कामे करायची असतात, हे वाचून कळत नाही, बसल्यावर कळते. पुस्तकात ‘उतरताना अवघड’ असे दोन शब्द असतात. त्या दोन शब्दांचा अर्थ मला नऊ विमानांनंतर लागला.

पण जिथे खेळ सर्वांत खात्रीचा वाटतो तिथेच तो फसवतो. मी एकदा रात्रीची वेळ लावून, काळ्या समुद्राच्या दिशेने उड्डाण केले. बाहेर मिट्ट काळोख. समोरच्या कृत्रिम क्षितिजाच्या तबकडीकडे पाहत मी अगदी सहज वर गेलो आणि क्षणभर वाटले, यात एवढे अवघड ते काय?

१९/
अवघड हे की मी खुर्चीत होतो. माणसाला तोल कळतो तो डोळ्यांनी, अंगावरच्या भाराने आणि कानाच्या आतल्या द्रवाने. आफ्टरबर्नर लावून विमान झेपावते तेव्हा त्या वेगवाढीने माणूस मागे रेटला जातो, आणि अंधारात मेंदू त्याचा अर्थ ‘नाक फार वर गेले आहे’ असा लावतो. अंग ओरडून सांगते, दांडा पुढे ढकल, नाक खाली घे. तबकडी सांगते, सगळे ठीक आहे. जमीन काहीशे फुटांवर असताना अंगाचे न ऐकता तबकडीचे ऐकायचे, ही तालीम महिनोन्महिने चालते आणि तरी अनुभवी वैमानिकही कधीमधी फसतात. वळणातही तसेच : सावकाश कललेले विमान अंगाला सरळच वाटते.

सुरतगडच्या घटनेचे स्पष्टीकरण म्हणून मी हे लिहिलेले नाही. माझ्या त्या सहज उड्डाणाला काहीच अर्थ नव्हता, एवढेच सांगायचे आहे. माझा अंतर्कर्ण कन्हेरीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गुरुत्वाकर्षणाशी पूर्ण सहमत होऊन बसला होता. खेळात मिग उडवून ‘मला त्या वैमानिकांची स्थिती कळली’ असे लिहिणारे लेख आणि व्हिडिओ दिसले की मला आता संकोच वाटतो. तसा एक मसुदा मीही लिहून ठेवला होता. तो खोडला.

२०/
आता गाडगीळ दांपत्याकडे परत. त्यांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान स्थापन केले, आणि पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट ही सिम्युलेटरवर प्रशिक्षण देणारी संस्था उभी केली. मुलगा विमानात गेल्यावर घरच्यांनी विमानाकडे पाठ फिरवली असती तर कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना जमिनीवर चुका करता येतील अशी जागा तयार केली.

बिंगहॅम्टनच्या भात्यांपासून पुण्याच्या या संस्थेपर्यंतचा धागा सरळ आहे. १९३४ मध्ये टपाल घेऊन मेलेल्यांनंतर लष्कराने यंत्र घेतले. इथे ते यंत्र आईवडिलांनी घेतले.

२१/
हॉक आल्यावर शिडी पूर्ण झाली. टाइप ७७ डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंड्याला निवृत्त झाले. ओझरला सुधारणा करून नवे रडार आणि क्षेपणास्त्रे बसवलेले बायसन तेवढे उरले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला, जिथे हे विमान प्रथम आले होते तिथेच, त्याला निरोप दिला गेला, वायुसेनाप्रमुख ए. पी. सिंग यांनी स्वतः उड्डाण केले. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकला बांधलेले पहिले तेजस एमके-१ए उडाले. आता उडवण्याजोगे भारतीय मिग-२१ बिस फक्त आपल्या पडद्यांवर आहे. चौकाचौकांतल्या चौथऱ्यांवरचीही आहेत म्हणा, पण त्यांच्या आत चिमण्यांची घरटी असतात.

२२/
हा विषय आमच्या परिसराला परका नाही. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ सेसना पडले. एकटीने उडणारी विद्यार्थिनी किरकोळ जखमांवर बचावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने बारामतीजवळ कोसळली. तीत कुणी दगावले नाही. दर वेळी पारावर पहिला प्रश्न तोच : ‘चालवणाऱ्याचंच चुकलं असणार, नाय का?’ पूर्वी मीही मान डोलावत असे. आता विचारतो, त्याआधी तो किती तास उडाला होता, कशावर उडाला होता आणि विमान शेवटचे कधी तपासले होते. पारावर हे प्रश्न फारसे लोकप्रिय नाहीत.

२३/
खाली बरेच जण विचारतील म्हणून : होय, दहाव्या खेपेला विमान उतरले. ज्यांना प्रयोग करायचा आहे त्यांच्यासाठी कृती. चाके आणि झडपा पूर्ण खाली, शेवटच्या टप्प्यात ताशी ३४० धरा, धावपट्टीच्या कडेवर ३२० च्या खाली जाऊ नका, आणि चाके टेकेपर्यंत इंजिनाचा जोर पूर्ण काढू नका. पुढचे चाक खाली आल्यावर पॅराशूट. मग एकदा तेच रात्री करून पाहा, आणि चढताना मध्येच पाच सेकंद डोळे मिटा. उघडल्यावर तबकडी काय दाखवते ते इथे लिहा. माझे विमान डावीकडे चाळीस अंश कललेले होते आणि मला ते सरळ वाटत होते. तेही खुर्चीत बसून.